पोरक्यांची उपकारस्तुति

दत्तक हा शब्द कानीं पडला कीं महाराष्ट्रीय माणसाच्या डोळ्यांपुढें बहुधा राजवाडाच उभा राहतो. भोरास पंतसचिवांच्या गादीवर दत्तक बसले, आणि साताऱ्यास तर दत्तकाच्या प्रश्नावर एक राज्यच बुडालें. १८४८ सालीं शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनीं मृत्युशय्येवर असतां मुलगा मांडीवर घेतला. डलहौसीसाहेबानें तें दत्तविधान राज्यापुरतें मान्य केलें नाहीं, आणि छत्रपतींची गादी खालसा झाली. भोरचे पंतसचिव हे साताऱ्याच्या जहागीरदारांपैकीं. तेव्हांपासून त्यांचा संबंध सरळ इंग्रज सरकाराशीं जडला. पुढें १८५७ चा उठाव झाला, आणि १८६२ सालीं लॉर्ड कॅनिंगनें संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा वांटल्या, तेव्हां कोठें राजेलोकांचा जीव भांड्यांत पडला.

श्रोतेहो, या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्यापाशीं मागें ठेवावयास कांहीं आहे, त्यानें तें ठेवण्यासाठीं मुलगा शोधला. गादी, वतन, वाडा, निदान श्राद्धाचें पिंडदान, यांपैकीं कांहीं तरी त्या मुलाची वाट पाहत होतें. राजगड आणि तोरणा ज्या मुलखांत उभे आहेत त्या भोर-वेल्ह्याच्या मावळांतील लहानसा वतनदार देखील याच हेतूनें दत्तक घेई. मला आज ज्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे त्यांची वाट पाहणारें असें कांहींच नव्हतें. त्या मुली होत्या, त्या पोरक्या होत्या, आणि दुष्काळानें त्यांना रस्त्यावर आणिलें होतें. ज्या पुणें जिल्ह्याच्या पश्चिम टोकास भोर आणि वेल्हें, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माळावर, केडगांव येथें, त्यांना घर मिळालें.

आपल्या जुन्या धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक हा द्यावा लागतो, आणि देण्याचा अधिकार आईबापांचा. बापानें द्यावा, त्याच्या मागें आईनें द्यावा. याचा अर्थ असा कीं, ज्याचे आईबाप दोन्ही गेले तो दत्तक जाऊंच शकत नसे. कारण त्याला देणारें कोणी उरलेलें नसे! ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, त्यालाच शास्त्राचें दार बंद. कोठें जातीची किंवा कुळाची निराळी चाल असली तर गोष्ट वेगळी. आणि मुलगी? मुलगी दत्तक घेण्याची रूढि एका वर्गांत मात्र जोरांत होती, ती म्हणजे नायकिणींच्या वर्गांत. आणि त्या कशासाठीं घेत हें सांगावयास नको. १८८० सालीं मुंबईच्या हायकोर्टानें तसलें दत्तक बेकायदेशीर ठरविलें, हें उत्तमच झालें. पण मग पोरक्या मुलीस कायद्यानें आपली म्हणणारें जगांत कोणीच राहिलें नाहीं.

आतां दुष्काळाकडे वळूं. पुणें जिल्ह्याचा आकार असा चमत्कारिक आहे कीं, त्याच्या एका अंगाला पावसानें घरें कुजतात आणि दुसऱ्या अंगाला विहिरी कोरड्या पडतात. वेल्ह्याच्या डोंगरांत आषाढ-श्रावणांत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाहीं. तेथून पूर्वेस चाळीस-पन्नास मैल गेलें कीं दौंड, बारामती, इंदापूर हा भाग लागतो. तेथें वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, आणि तोही येईल तेव्हां खरा. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला त्यानंतर सरकारनें नीरेचा कालवा काढला, आणि त्याला पाणी पुरावें म्हणून भोर संस्थानच्या हद्दींत वेळवंडी नदीवर भाटघर येथें धरण बांधलें. पुढें त्या जागीं अधिक मोठें लॉइड धरण झालें, तें १९२८ सालीं पुरें झालें. मावळांत पडलेलें पाणी अडवून बारामती-इंदापुराच्या शेतकऱ्याला पाजावयाचें, अशी ही योजना. पण धरणें एका जिल्ह्याची तहान भागवितील. १८९६ सालीं पाऊस गेला तो मुंबई इलाख्यांतून, मध्यप्रांतांतून, बिहारांतून, सगळीकडूनच गेला.

मध्यप्रांतांतून बातम्या येऊं लागल्या त्या वेळीं पंडिता रमाबाई पुण्यास शारदा सदन चालवीत होत्या. त्यांची सर्व हकीकत येथें सांगण्याचें कारण नाहीं. परंतु एक भाग सांगितल्यावांचून पुढचें समजणार नाहीं. रमाबाई स्वतः दुष्काळाच्या पोरक्या होत्या. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान्. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकविलें म्हणून लोकांच्या रोषास पात्र झालेले. पुराण सांगत सगळें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरे. जवळ होतें तें दानधर्मांत आणि ब्राह्मणभोजनांत संपलें, आणि दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां या कुटुंबाला झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. भिक्षा मागावी तर संकोच, मजुरी करावी तर ब्राह्मणपण आड. १८७४ सालीं वडील वारले. आई आजारी होती, तिला भाकरीची इच्छा झाली. मुलगी शेजारणीच्या दारांत जाऊन उभी राहिली, पण लाजेनें तिच्या तोंडून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहूं लागलें. शेजारणीनें भाकरी दिली. ती आईच्या घशाखालीं उतरली नाहीं. आई गेली, मागोमाग थोरली बहीण गेली, आणि रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री हीं दोघेंच उरलीं.

ही हकीकत रमाबाईंनीं पुढें स्वतःच लिहून ठेविली, आणि ती कोणत्या वेळीं लिहिली हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ती त्यांनीं १८९७ सालीं लिहिली, म्हणजे दुसऱ्यांच्या मुली दुष्काळांतून उचलून आणीत असतां लिहिली. मधल्या काळांत काय काय झालें! कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांना सरस्वती म्हणून गौरविलें, बंधु वारले, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं लग्न झालें आणि दोन वर्षेंही न होतां, १८८२ सालीं, वैधव्य आलें. पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज काढला. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें आपल्या लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेंत ग्रंथ लिहून आणि व्याख्यानें देऊन पैसा उभा केला, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन उघडलें. तें पुढच्या वर्षीं पुण्यास आलें. १८९३ सालीं मुली ख्रिस्ती धर्माकडे वळविल्या जातात असा ओरडा झाला. रानडे आणि भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें, 'केसरी'नें टीकेची झोड उठविली, आणि पालकांनीं पुष्कळ मुली काढून नेल्या. म्हणजे दुष्काळ आला तेव्हां रमाबाई समाजांत जवळजवळ एकट्या होत्या.

१८९७ च्या आरंभीं त्या मध्यप्रांतांत गेल्या. सरकारी दुष्काळी कामें आणि अन्नछत्रें त्यांनीं पाहिलीं. तेथें मुली नेण्यासाठीं दुसरींही माणसें फिरत होतीं. सुंदर मुलगी पाहून उचलावी आणि शहरांत विकावी असा त्यांचा धंदा. तीनशेंच्या आसपास मुली आणि तरुण विधवा रमाबाईंनीं आणिल्या. पण त्याच सुमारास पुण्यांत प्लेग होता, आणि एवढीं माणसें शहरांत ठेवण्यास अधिकाऱ्यांनीं मनाई केली. मुंबई-सोलापूरच्या रेल्वेवर, पुण्यापासून सुमारें पस्तीस मैलांवर, केडगांवास रमाबाईंनीं थोडी जमीन घेऊन फळबाग लाविली होती. शारदा सदनाला पुढें उत्पन्न व्हावें एवढाच त्यांत हेतु. त्या उघड्या माळावर आतां तंबू आणि झोंपड्या उभ्या राहिल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजीं मुक्ति सदनाचा समर्पणविधि झाला. त्यानंतर वर्षभरांतच गुजराथेंत आणि राजपुतान्यांत तो भयंकर काळ पडला, ज्याला संवत् १९५६ वरून गुजराथी लोक 'छपनियो' म्हणतात. तेथूनही शेंकडों मुली आल्या, आणि केडगांवचा पसारा दोन हजारांच्या घरांत गेला.

या मुलींचें पुढें काय झालें हें सांगतांना मिशनरी चरित्रकार फार घाई करतात असें मला वाटतें. मुलगी आली, न्हाऊ घातली, प्रार्थना शिकली, हंसू लागली. एका परिच्छेदांत सगळें आटोपतें. उपाशी मुलाचा देह इतक्या लवकर सावरत नाहीं, आणि मन तर त्याहून हळू सावरतें. कित्येक मुली येऊन पोंचल्या त्या मरणाच्या पंथाला लागलेल्या, आणि त्यांतील पुष्कळ वाचल्याही नाहींत. ज्या वाचल्या त्यांना गांव नाहीं, आडनांव नाहीं. गुजराथेंतून आलेल्यांना तर आसपासची भाषाही समजेना. एखादीच्या आईनें तिला मूठभर धान्यासाठीं दुसऱ्याच्या स्वाधीन केलेलें, आणि तें तिला आठवत असलेलें! अशा मुलीला आपण काय सांगणार? देवाचे आभार मान, असें?

आणि केडगांवास तर तेंच सांगितलें जाई. येथें मराठी ख्रिस्ती समाजाचा एक शब्द मला आपल्यापुढें ठेवावयाचा आहे, तो 'उपकारस्तुति'. मूल झालें, आजारी माणूस उठलें, मुलगा परीक्षेंत उतरला, नवें घर बांधलें, म्हणजे हे लोक शेजारीपाजारी बोलावून उपकारस्तुतीची सभा करतात. एवढ्यापुरतें हें आपल्या सत्यनारायणासारखेंच वाटेल. पण त्यांच्या शास्त्रांत पौलानें थेस्सलनीकाच्या मंडळीला जी आज्ञा केली आहे ती सुखाच्या प्रसंगापुरती नाहीं. कोणत्याही स्थितींत उपकारस्तुति करावी अशी आहे. दुष्काळाची पोरकी ही त्या आज्ञेची खरी कसोटी.

आपल्या भाषेंत उपकार हा शब्द ऋणाच्या कुळांतला आहे. उपकार फेडतात, उपकाराचें ओझें होतें, उपकाराखालीं माणूस दबून जातो. ज्या पोरक्या मुलानें काकाच्या किंवा मामाच्या घरीं दिवस काढले असतील त्याला विचारा. 'आम्हीं तुला वाढविलें' हें वाक्य त्याच्या ताटांत रोज भाकरीबरोबर वाढलें जातें. त्याची कृतज्ञता ही कधींच पुरी न होणारी फेड असते. त्यानें रागावूं नये, हट्ट करूं नये, मेलेल्या आईसाठीं फार रडूंही नये. कारण तें सांभाळणाऱ्याला लागतें. पोरकेपणाचें दुःख हें भुकेपेक्षां पुष्कळदां यांतच अधिक असतें.

केडगांवच्या मुलींवर असें ओझें पडलें नसेल असें मी म्हणणार नाहीं. दोन हजार मुलींच्या वसतिगृहांत घंटेवर उठावें लागतें, घंटेवर जेवावें लागतें, आणि आभारही पुष्कळदां घंटेवरच मानावे लागत असतील. संस्थेचें 'मुक्ति प्रेयर बेल' नांवाचें इंग्रजी पत्रक परदेशच्या देणगीदारांसाठीं निघे. त्यांत मुलींच्या तोंडचीं जीं कृतज्ञतेचीं वाक्यें येतात तीं कोणासाठीं छापलीं आहेत हें वाचणाऱ्यानें विसरूं नये. भाकरीसाठीं धर्म घेतला, अशी जी टीका त्या काळीं पुण्यांत होई, तिच्यांतही अगदींच तथ्य नव्हतें असें कसें म्हणावें? आठ वर्षांच्या उपाशी मुलीला धर्माची निवड ती कसली! मात्र टीका करणाऱ्यांपैकीं किती जणांनीं अशी एक तरी मुलगी आपल्या घरीं आणिली, हाही प्रश्न तेव्हांच विचारला गेला पाहिजे होता.

एक गोष्ट मात्र रमाबाईंच्या बाजूनें निश्चित सांगतां येते. त्यांनीं स्वतःला उपकारकर्ती म्हणून मध्यें उभें केलें नाहीं. संस्थेचा रोजचा खर्च कसा भागेल हें देवावर सोंपवावें आणि मिळालें तें त्याच्याकडून मिळालें असें मानावें, ही त्यांची रीत. तींत व्यवहारदृष्ट्या धोका असेल, पण एक मोठा गुण होता. दुष्काळांत आईला भाकरी आणून देतांना ज्या मुलीची मान खालीं गेली होती, तिला भाकरी देणाराचें तोंड पाहावें लागणें म्हणजे काय तें ठाऊक होतें. आभार वर पाहून मानावयाचे ठरले, म्हणजे समोरच्या माणसापुढें मान ताठ राहूं शकते. ख्रिस्ती कृतज्ञतेचा हा भाग परक्यालाही समजण्यासारखा आहे.

शिवाय कृतज्ञता म्हणजे गप्प बसणें, असेंही त्यांनीं कधीं मानिलें नाहीं. प्लेगच्या दिवसांत पुण्याच्या सरकारी इस्पितळांत आपल्या एका मुलीची जी दशा झाली तिच्याविषयीं रमाबाईंनीं १८९७ सालीं 'बाँबे गार्डियन' पत्रांत इतकें झणझणीत लिहिलें कीं, त्याचा बोभाटा पार्लमेंटापर्यंत गेला. गव्हर्नर सँडहर्स्टसाहेबांना तें मुळींच रुचलें नाहीं. ज्या सरकारच्या दुष्काळी छावण्यांतून मुली आणावयाच्या, त्याच सरकारला असें सुनावण्यास छाती लागते.

मुलींना नुसतें पोसावयाचें नाहीं, हातीं धंदा द्यावयाचा, हा केडगांवचा दुसरा विशेष. मागावर कापड विणणें, तेलाचा घाणा, दूधदुभतें, शेत, धुलाई, शिवण, मुलांना शिकविणें, आजाऱ्यांची शुश्रूषा. आंधळ्या मुलींसाठीं निराळें सदन, आणि त्यांना बोटांनीं वाचावयास शिकविण्याची सोय. ज्याला स्वतःच्या हातानें कमावतां येतें त्याचें आभार मानणें निराळें असतें. तें लाचाराचें राहत नाहीं. यांत सर्वांत नांवाजण्याजोगा छापखाना. त्यांत खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत मुलीच काम करीत.

तो छापखाना एका मोठ्या कार्यासाठीं होता. बायबलाचें प्रचारांतील मराठी भाषांतर साध्यासुध्या बायकांना कळत नाहीं, तें संस्कृत शब्दांनीं जड झालें आहे, अशी रमाबाईंची तक्रार. ही तक्रार संस्कृतांत पंडिता म्हणविणाऱ्या बाईनें करावी यांत मौज आहे खरी. पन्नाशीच्या जवळ आलेल्या या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि मुळावरून एकटीनें सगळ्या शास्त्राचें भाषांतर करावयास बसल्या. पुढें ऐकूं येईनासें झालें, प्रकृति खालावली. पण काम थांबलें नाहीं. २४ जुलै १९२१ रोजीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. संस्था जिच्या हातीं सोंपवावयाची तीच गेली. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आतां मुलगी. त्रेसष्टाव्या वर्षीं रमाबाई पुन्हां पोरक्याच्या पोरक्या! कोणत्याही स्थितींत उपकारस्तुति करावी हें वाक्य ज्या बाईनें शेंकडों मुलींना शिकविलें, तिच्यापुढें तें आतां उलटून उभें राहिलें. तिनें पुन्हां भाषांतराचे कागद पुढें ओढले. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. ग्रंथाचें शेवटचें काम हातावेगळें करूनच त्यांनीं डोळे मिटले असें सांगतात.

केडगांवाबाहेर, अगदीं घरगुती रीतीनेंही हें घडत होतें. अहमदनगरकडे रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांनीं दुष्काळांतलीं पोरकीं मुलें आपल्या संसारांत घेतलीं. संसारही कसला, जेथें उद्यांच्या पिठाची भ्रांत! लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. हालअपेष्टांची हकीकत हंसत हंसत सांगणारें तसें पुस्तक मराठींत दुसरें नाहीं. कृतज्ञतेचा उपदेश करणाऱ्या शंभर प्रवचनांपेक्षां त्या हंसण्यांत मला अधिक उपकारस्तुति दिसते.

कायद्याला मात्र या मुलांपर्यंत येण्यास फार वेळ लागला. १८९० च्या कायद्यानें ख्रिस्ती कुटुंबाला पोरक्या मुलाचें पालक होतां येई, आईबाप होतां येत नसे. मूल सज्ञान झालें कीं तें नातें कायद्यापुरतें संपे. १९५६ सालीं हिंदूंसाठीं दत्तकाचा नवा कायदा झाला; त्यानें मुलगीही दत्तक घेतां येऊं लागली, आणि ज्याचे आईबाप दोन्ही गेले त्याला कोर्टाच्या परवानगीनें पालकाला देतां येऊं लागलें. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी यांना ती मुभा बालन्यायाच्या कायद्यानें, म्हणजे २००० सालानंतर, मिळाली. २०१५ च्या कायद्यानें ती अधिक पक्की झाली.

पौलानें रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रांत माणसाचें देवाशीं जें नातें सांगितलें आहे त्याला त्यानें रोमन कायद्याच्या परिचयांतलाच शब्द वापरला, तो दत्तकाचा. दत्तक गेलेल्या रोमन मुलाचें जुनें ऋण पुसलें जाई, आणि नव्या घरांत तो पाहुणा किंवा आश्रित न राहतां वारस होई. ज्या मुलींना आपल्याकडचें शास्त्र दत्तक देऊं शकत नव्हतें, त्यांच्या सोबतिणींनीं त्या पत्राचे खिळे केडगांवच्या छापखान्यांत एकेक करून जुळविले. रमाबाईंचें सबंध बायबल १९२४ सालीं तेथेंच छापून बाहेर पडलें, आणि मुक्ति मिशनचें काम त्याच माळावर अद्याप चालू आहे.